बर्फावर कान देऊन चालणारी सोल्वेग

सोल्वेगसारखे कान आमच्या अख्ख्या किनाऱ्यावर कुणाचे नव्हते. हे मी तिची नणंद असून सांगते, म्हणजे खरंच समजा. नणंद भावजयीचं कौतुक उगाच करत नाही.

हिवाळ्यात सरोवर गोठलं की आमच्याकडे जाळी बर्फाखाली लावतात. बर्फाला एक भोक पाडायचं, त्यातून दोर बांधलेली लांब फळी आत सोडायची. दोराला हिसका दिला की फळीचा लोखंडी पंजा बर्फाला खालून रेटतो आणि फळी पुढे सरकते. एकानं भोकापाशी बसून दोर हिसकत राहायचं, दुसऱ्यानं वरून फळीच्या मागोमाग चालायचं. पायाखाली भुसभुशीत हिमाचा थर, त्याखाली बर्फ, त्याच्याही खाली फळी. दिसत काही नाही, नुसती ठक ऐकू येते. दोर संपला की जिथे शेवटची ठक झाली तिथेच दुसरं भोक पाडायचं आणि दोर वर काढायचा, मग त्याच दोरानं जाळं ओढून घ्यायचं. ऐकणारा चुकला की फळी गेली, सकाळ गेली आणि हातापायांची लाकडं झाली.

माझा धाकटा भाऊ हाल्दोर दोर हिसकायचा आणि सोल्वेग ऐकत चालायची. लग्न झाल्यापासून हेच. जागा सापडली की ती डावा हात वर करायची, बस्स. हाक नाही, ओरडा नाही. सगळं गाव म्हणायचं, जोडपं असावं तर असं, एक शब्द न बोलता जाळी लावतात. हो ना! शब्द नव्हताच मुळी. बर्फावरही नव्हता आणि घरातही नव्हता. पण घरातलं कोण बघायला जातंय?

मी जायचे. माझं घर त्यांच्या घराला लागून. माझा नवरा गेल्यापासून रोज दुपारची कॉफी मी सोल्वेगकडेच घ्यायचे. हाल्दोर टेबलाशी बसलेला असायचा. ती विचारायची, "मासे कसे होते आज?" हा तिच्या तोंडाकडे बघायचा आणि म्हणायचा, "बरं." ती म्हणायची, "लिंडाचा फोन आला होता." लिंडा त्यांची मुलगी, व्हँकुव्हरला असते. हा म्हणायचा, "बरं." एकदा तिनं मुद्दाम सांगितलं, "घराला आग लागलीये." हा म्हणाला, "बरं." मी खो खो हसले. ती नाही हसली.

"मारत नाही, दारू पीत नाही, बाहेर कुणी नाही," मी तिला समजवायचे. "अगं, आणखी काय हवं बाईला?"

"रूना, भिंत पण मारत नाही," ती म्हणायची. "पण भिंतीशी कुणी लग्न करतं का?"

एके दिवशी उन्हाळ्यात ती मला म्हणाली, "सेल्कर्कला दाताच्या डॉक्टरकडे जायचंय, चल सोबत." मी आपली चांगला स्वेटर घालून गाडीत बसले. तिथे गेल्यावर बघते तर पाटीवर दाताचं नावही नाही. आत एक पोरसवदा वकिलीणबाई बसलेल्या, कॅरा फ्रीसन म्हणून. मी सोल्वेगचा दंड धरला. "हे काय?"

"बस," ती म्हणाली. "आधी ऐक, मग ओरड."

वकिलीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "तुम्हा दोघांचं पुन्हा जुळायची काही आशा आहे का? विचारणं मला कायद्यानं भाग आहे. समुपदेशकांची नावं हवी असतील तर देते."

"समुपदेशकाकडे तो येईल," सोल्वेग म्हणाली. "तिथेही 'बरं' म्हणून परत येईल."

मग त्या बाईंनी सगळं नीट उलगडून सांगितलं. आपल्या कायद्यात घटस्फोटाला कुणी कुणाचा दोष सिद्ध करावा लागत नाही. एक वर्ष वेगळं राहिलं की पुरे. लग्नात जे मिळवलं ते मांडून दोघांत निम्मंनिम्मं करायचं. घरावर दोघांचा हक्क, एकाला परस्पर विकता येत नाही. तोवर हिनं स्वतःचं खातं उघडावं आणि मृत्युपत्र नवं करावं. आणि वेगळं राहायला दुसरं घर नसेल तर एकाच छपराखालीही वेगळं राहता येतं. फक्त ते खरंखुरं हवं. खोली वेगळी, स्वयंपाक वेगळा, धुणं वेगळं, चारचौघांत जोडप्यानं मिरवायचं नाही आणि लोकांना ते ठाऊक हवं.

"मध्येच वाटलं, पुन्हा संसार करून बघावा, तर तेही करता येतं," त्या म्हणाल्या. "तीनेक महिने करून बघा, वर्ष मोडत नाही. त्याच्यापेक्षा जास्त राहिलात तर मात्र पुन्हा शून्यापासून मोजायचं."

ते शून्य मी पदरात बांधून घेतलं. खोटं कशाला बोलू?

"आणि पत्ता एकच असल्यामुळे," त्या पुढे म्हणाल्या, "घरात येणं-जाणं असलेलं कुणीतरी हवं. वर्ष संपलं की त्यांनी शपथेवर सांगायचं की हो, हे दोघं वेगळे राहत होते."

सोल्वेगनं माझ्याकडे बघितलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"माझ्या भावाचं घर मोडायचं आणि कुऱ्हाड मी धरायची?" मी गाडीत बसल्या बसल्या तोंड सोडलं. "दुसरी कुणी मिळाली नाही तुला?"

"दुसरीनं माझ्या बाजूनं चार शब्द जास्तीचे सांगितले असते," ती म्हणाली. "तू नाही सांगणार. तू त्याची आहेस. तू जे सांगशील ते खरं असेल."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. घरी येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसले.

आता कुणी विचारेल, एवढं ठरलं होतं तर ती उन्हाळ्यातच का नाही बोलली? तर आमच्याकडे हंगामाच्या मध्यात कुणी कुणाला सोडत नाही. होडीतला गडी असो की बायको असो. शरदातली मासेमारी संपली, जाळी वर आली, धुऊन वाळली, त्यानं ती गुंडाळून शेडमध्ये टांगली, आणि मग ती त्याच्यासमोर जाऊन बसली. मी ओट्याशी उभी होते. साक्षीदार ना मी!

"हाल्दोर, आजपासून आपण नवरा-बायको नाही," ती सावकाश म्हणाली. "मी मागच्या खोलीत झोपेन. माझं मी रांधेन, तुझं तू रांध. वर्षानं घटस्फोट मागणार आहे. कळलं?"

तो तिच्या तोंडाकडे बघत होता. डोळ्यांत नाही, तोंडाकडे. बराच वेळ बघितलं त्यानं. मला वाटलं आता बोलेल, आता टेबलावर मूठ आपटेल. देवा, एकदा तरी आपट!

"बरं," तो म्हणाला. उठला, टोपी घातली आणि शेडकडे गेला.

सोल्वेग माझ्याकडे वळली. "बघितलंस? इतक्या वर्षांच्या संसाराला एक 'बरं'." आणि ती तिथेच हुंदके देऊन रडायला लागली. त्या क्षणी मला माझ्या भावाला धरून गदागदा हलवावंसं वाटलं.

मग सुरू झालं ते वेगळं राहणं. एका घरात दोन किटल्या. फ्रिजचे वरचे दोन कप्पे तिचे, खालचे त्याचे. तो अंडी उकडायचा आणि बटाटे उकडायचा, त्याखेरीज त्याला काही येत नव्हतं. ती मटणाचं सूप करायची आणि त्याचा वास सगळ्या घरभर. मी म्हटलं, "वाटीभर दे गं त्याला." ती म्हणाली, "देते. पण मग शपथेवर तेही सांगशील ना?"

पण मी काही कच्च्या गुरूची चेली नाही. मी दर रविवारी दोघांनाही माझ्याकडे जेवायला बोलवायला लागले. जेवण माझ्या घरचं, टेबल माझं, मग कायद्याचं काय बिघडलं? दोन रविवार आली सोल्वेग. तिसऱ्या रविवारी दारातूनच म्हणाली, "रूना, तू शून्य शोधतेयस. मला सगळं कळतं." आणि आली तशी घरी गेली. हाल्दोर आणि मी समोरासमोर बसून जेवलो. मी बडबडत होते, तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

नाताळाच्या आधी चर्चच्या हॉलमध्ये गावजेवण असतं. प्रत्येक घरानं एक केक आणायचा, आपल्या आज्यांच्या आज्यांनी आइसलँडहून आणलेला, पातळ थरांचा, मध्ये आलुबुखाऱ्याचा मुरंबा. एका घराचा एक केक, हा रिवाज. सोल्वेगनं आपला ठेवला. आणि मागून हाल्दोर आला, हातात दुकानातला बिस्किटांचा डबा. तो त्यानं तिच्या केकच्या शेजारी ठेवला आणि कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. हॉलमधलं बोलणं थांबलं. गावाला ठाऊक असायला हवं म्हणाल्या होत्या ना वकिलीणबाई? घ्या, झालं ठाऊक.

बायकांनी सोल्वेगला घेरलं. त्यातली डोरा म्हणाली, "एकाच घरात राहून काडीमोड? वेगळी खोली, वेगळं जेवण, बोलणं नाही? अगं, मग माझा तर कधीचाच झालाय, मला कुणी सांगितलंच नाही!"

सगळ्या हसल्या. सोल्वेगसुद्धा हसली. मग डोरानंच तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "केक मात्र फक्कड झालाय हो." त्या रात्री हाल्दोरच्या डब्याला कुणी हात लावला नाही, म्हणून घरी जाताना मीच त्यातली मूठभर बिस्किटं घेतली. भाऊ आहे माझा.

नाताळ झाला आणि बर्फ गाडीचं वजन पेलण्याइतका जाड झाला. हाल्दोरनं सोल्वेगला विचारलं नाही. खालच्या गावातला वेस नावाचा एक दणकट माणूस रोजावर आणला. बर्फाखालची ठक ओळखणं नवख्याचं काम नाही, म्हणून वेस दोर हिसकायला बसला आणि हाल्दोर ऐकायला चालू लागला. मला आश्चर्य वाटलं. इतक्या वर्षांत तो कधी ऐकायला चालला नव्हता.

मी त्यांच्यासाठी कॉफीचा थर्मास घेऊन बर्फावर गेले. वारा नव्हता. वेसनं हिसका दिला आणि ठक! माझ्या अगदी पायाखाली. हाल्दोर कितीतरी पुढे चालला होता. पुन्हा ठक, माझ्याच पायाशी. मी ओरडले, "हाल्दोर, इकडे!" तो चालतच राहिला. "अरे हाल्दोर!" तो थांबला, वाकला, टोपी वर सारून त्यानं बर्फाला कान लावला. गुडघ्यांवर बसून, लहान मूल आईच्या पोटाला कान लावतं तसा. मग उठला आणि तिथे भोक पाडायला लागला. भलत्याच जागी. मी जीव खाऊन हाक मारली, तिकडून वेसनंही मारली. किनाऱ्यावरची कुत्री भुंकायला लागली, पण माझा भाऊ काही वळला नाही.

त्याचं ते तोंडाकडे बघणं, ते "बरं", सगळं एकदम माझ्या अंगावर आलं.

वेसनं त्याच दिवशी काम सोडलं. "म्हातारा ठार बहिरा आहे," तो मला म्हणाला. "उद्या बर्फ तडकला आणि मी ओरडलो तर त्याला ऐकू येणार नाही. तो जाईल आणि मला घेऊन जाईल."

मी हाल्दोरला माझ्या स्वयंपाकघरात बसवलं, समोर खुर्ची ओढली आणि हळू बोलले, ओठ नीट हलवत. "किती वर्षं झाली?"

त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "आधी पाखरं गेली. मग लिंडाचा आवाज गेला, फोनवरचा. मग हिचा." बर्फगाडीच्या इंजिनाशेजारी जन्म काढला त्यानं. आमच्याकडच्या निम्म्या पुरुषांचे कान त्यात जातात, पण ते बोंबलून सांगतात तरी!

"तोंड शिवलं होतं का तुझं? सांगायचं नाही?"

"बहिऱ्याबरोबर बर्फावर कोण जाईल, रूना? सगळ्यात आधी हीच म्हणाली असती, आता बस घरी. तळ्यावाचून मी काय करू?" त्यानं कप फिरवला. "ती ऐकायची ना दोघांचं. मला वाटलं, तेवढ्यावर निभेल."

मी धावत शेजारी गेले. धावत! या वयात, चपला न बदलता. मला वाटलं, झालं, सापडलं आपलं शून्य. आता ती समजेल, दोघं रडतील, मागच्या खोलीतला बिछाना पुढच्या खोलीत येईल. मी एका दमात सगळं सांगून टाकलं.

सोल्वेग मोजे विणत होती. तिनं सुया खाली ठेवल्या. ती खिडकीतून शेडकडे बघायला लागली.

"म्हणजे मी इतकी वर्षं जे बोलले ते..." ती म्हणाली. "माझी आई गेली तेव्हा मी त्याच्या पाठीशी पडून बोलत होते. सगळं सांगत होते. तो गप्प होता. मला वाटलं, ह्याला काही वाटत नाही."

"ऐकू येत नव्हतं गं त्याला!"

"हो ना." मग तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, थकून. "पण रूना, कान गेले होते, जीभ नव्हती गेली. 'मला ऐकू येत नाही' एवढं एकच वाक्य. मी ओरडून बोलले असते. हातानं बोलले असते, पाटीवर लिहिलं असतं. त्यानं तळं राखलं आणि मला सोडलं. मी नंतर सोडलं, आधी त्यानं."

माझ्या भावाची बाजू घ्यायला मी पळत आले होते आणि माझ्याकडे बाजूच उरली नव्हती.

पण दुसऱ्या दिवशी पहाटे सोल्वेग जाड कोट घालून बर्फावर हजर. मी खिडकीतून बघितलं आणि हातातलं टाकून गेले.

"मी बायको म्हणून आले नाही," ती हाल्दोरच्या समोर उभी राहून म्हणाली, ओठ नीट दिसतील अशी. "माणूस पाण्यात जाऊ नये म्हणून आलेय. हंगाम संपला की संपलं."

त्यानं मान हलवली. ह्या वेळी "बरं"ही नाही म्हणाला.

तो सबंध हिवाळा ती चालली. तो दोर हिसकायचा, ती ऐकायची, डावा हात वर. दुपारी ती बर्फगाडीच्या पुढच्या टोकाला बसून आपली भाकरी-चीज खायची आणि तो मागच्या टोकाला बसून आपली उकडलेली अंडी. मी मनात महिने मोजत होते. एक दिवस धीर करून मीच वकिलीणबाईंना फोन लावला. विचारलं, रोज बरोबर कामाला जातात, आता वर्ष मोडलं का हो? त्या म्हणाल्या, "काम म्हणजे काम. संसार नव्हे." फोन ठेवल्यावर मी स्वतःवरच चिडले. कुठल्या तोंडानं विचारायला गेले होते?

हंगाम संपत आला तेव्हा मी हाल्दोरला ओढत शहरात नेलं आणि कानांची यंत्रं बसवून आणली. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय! परतताना तो गाडीत सारखा दचकत होता. वायपरचा आवाज, माझ्या कोटाची चुरचुर. "तू एवढी बोलतेस?" तो मला म्हणाला. मी म्हटलं, "जन्मभर." तो हसला. किती वर्षांनी त्याला हसताना बघितलं मी!

घरी सोल्वेग तिच्या किटलीत पाणी भरत होती. तो दारात उभा राहून ते पाणी पडताना ऐकत होता. मग म्हणाला, "सोल्वेग, माझ्याकडची कॉफी घेतेस का? मी करतो."

तिचा हात नळावरच राहिला. अशा एका वाक्यासाठी तिनं किती वर्षं काढली होती, ते मला ठाऊक होतं. घे गं, मनात म्हटलं, एक कप घे.

"नको, हाल्दोर," ती हळूच म्हणाली. त्याला ते ऐकू आलं. ओठ न बघता ऐकू आलं.

तरी मी आशा सोडली नव्हती. शपथ अजून व्हायची होती आणि ती माझ्या हातात होती. एकत्र जेवत होते, म्हटलं असतं. बर्फावर का होईना, जेवतच होते. माझ्या घरी रविवारी जेवले होते. दोन शब्द इकडचे तिकडे केले असते तर वर्ष पुन्हा शून्यापासून. पुन्हा एक हिवाळा मिळाला असता माझ्या भावाला, आता त्याला ऐकू येत होतं, बोलायला लागला होता. इकडे आड, तिकडे विहीर. खोटं बोलायची तयारी मी जवळजवळ केली होती.

मग शरदात वर्ष भरलं आणि शपथेला जायच्या आधीच्या रविवारी हाल्दोर जेवायला आला. बटाटे तसेच टाकून बसून राहिला.

"रूना, ती रडते," तो म्हणाला. "भिंतीपलीकडे. झोपायच्या आधी. मी यंत्रं काढायला उशीर करतो ना, तेव्हा ऐकू येतं."

मी त्याचं ताट बाजूला सारलं.

"कधीपासून रडते गं?"

मला ठाऊक होतं. दुपारच्या कॉफीला तिचे सुजलेले डोळे मी कितीदा बघितले होते. "बरीच वर्षं झाली, बाळा," मी म्हटलं. धाकटा आहे तो माझ्यापेक्षा, तोंडातून गेलं.

त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मी शेजारी झोपलेला असायचो," तो म्हणाला. "हाताच्या अंतरावर असायचो." आणि मग मी माझ्या भावाला रडताना बघितलं. आमचा बाप बुडाला तेव्हाही तो रडला नव्हता.

जाताना दारात तो थांबला. "खरं तेच सांग तिथे. जाऊ दे तिला."

मी खरं तेच सांगितलं. उजवा हात वर करून. खोल्या वेगळ्या होत्या, किटल्या वेगळ्या होत्या, बर्फावरही तोंडं वेगळ्या दिशांना होती. वकिलीणबाईंनी पाणी पुढे केलं, मी नको म्हटलं. बाहेर सोल्वेग उभी होती. तिनं मला मिठी मारली आणि मीही मारली. आता ती माझी भावजय नाही, पण त्याला दुसरा शब्द माझ्याकडे नाही.

सोल्वेग सेल्कर्कला दोन खोल्यांत राहते. खाली एक म्हातारी राहते, तिच्याशी तासन्‌तास बोलते म्हणे. जाताना तिनं सगळं नेलं, फक्त बर्फावरचा तो निळा जाड कोट खुंटीवर ठेवून गेली. "मला तो आता कशाला?" म्हणाली.

ह्या हिवाळ्यात ऐकायला मी जाते. माझं वय बघा आणि हौस बघा! पण त्याला एकट्याला कसं जाऊ द्यायचं? त्याची यंत्रं बर्फावर चालत नाहीत, थंडीनं त्यांच्या बॅटऱ्या लगेच मरतात, म्हणून तो ती काढून खिशात ठेवतो. पहिल्या दिवशी मी सोल्वेगचाच कोट घातला, माझा तेवढा ऊबदार नाही. टोपी ओढून मी पुढे चालले. मला तिच्यासारखं ऐकू येत नाही. चालले, थांबले, पुन्हा चालले. त्यानं हिसका दिला. मी श्वास धरून उभी राहिले आणि खालून, खोलातून, ठक आली.

मी वळले. तो दूर भोकापाशी गुडघ्यांवर बसला होता, दोर हातात, डोळे माझ्याकडे. आणि त्यानं हाक मारली. बर्फावर कधीही हाक न मारणाऱ्या माझ्या भावानं, स्वतःचा आवाज ऐकू न येणाऱ्या माणसाच्या त्या भल्यामोठ्या आवाजात. सबंध किनाऱ्याला ऐकू गेलं असेल.

"सापडलं का गं, सोल्वेग?"

मी डावा हात वर केला.